नऊ वितींची भिंत

कतीफच्या बागांचे रुतब बाजारात आले. अर्धं पिवळं, अर्धं तपकिरी, बोटाने दाबलं की मऊ लागणारं ते खजुराचं फळ. ते आलं की दम्मामच्या हवेला पाणी सुटतं. पाऊस नाही, ढग नाही, एक थेंब कुठून पडत नाही, पण भिंतीला घाम, जिन्याच्या कठड्याला घाम. एसीच्या गाडीतून उतरलं की चष्म्याची काच बाहेरून धुरकटते आणि माणूस जागच्या जागी आंधळा होतो. सकाळी धुतलेलं ताट संध्याकाळी उचललं तरी बोटाला ओल लागते.

हा मोसम मला नको असतो. पण यंदा मुलगा म्हणाला, अब्बा या, नवीन घर घेतलंय भाड्याने, तुमच्या हाताने मांडा. म्हणून व्हिजिट व्हिसावर आलो. आणि नेमका याच मोसमात आलो.

मुलगा इरफान इथे कंपनीत आहे. सून सना ठाण्याची, शिकलेली, स्वभावाने चांगली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मोबाईलवर चित्रं दाखवली.

"अब्बा, मला हॉल स्कँडिनेव्हियन करायचाय."

"कुठला?"

"स्कँडिनेव्हियन. नॉर्डिक म्हणतात ना, ते."

"ते ऐकलं. पण त्यातला कुठला? डेन्मार्कचा, स्वीडनचा, नॉर्वेचा, फिनलंडचा?"

"सगळं एकच असतं ना? पांढरी भिंत, लाकडी पाय, कोपऱ्यात एक झाड."

"मग कोकण आणि खानदेश पण एकच. दोन्हीकडे मराठी बोलतात."

ती हसली. इरफान तिला म्हणाला, "सांभाळ हां, या विषयात अब्बांची पीएचडी आहे."

पीएचडी कसली. चौथी शिकलो. आमच्या खाडीवर होड्या बांधायचे तिथे हात तयार झाला. फळीला फळी अशी बसवायची की पाणी आत येता कामा नये, एवढीच विद्या. त्या विद्येवर सौदीला आलो आणि दम्मामच्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये लागलो. तिथे माल उत्तरेकडच्या थंड देशांतून यायचा आणि गिऱ्हाईकही बरीचशी तिकडचीच. तेलाच्या कामाला आलेले इंजिनिअर. कंपाऊंडमध्ये त्यांचे बंगले. बाहेरून सगळे बंगले एका साच्यातले, खाली तीच संगमरवरी फरशी, तीच पिवळट भिंत. दार उघडलं की आत वेगळा देश. मी त्या देशांत कधी गेलो नाही. पण त्यांच्या घरांत मी पलंग जोडले, दिवे टांगले, खिळे मारले. माणूस घरात कुठे बसतो, काय लपवतो, काय समोर ठेवतो, हे सुताराला कळतं.

डेन्मार्कची माणसं दिवा खाली टांगतात. जेवणाच्या टेबलावर इतका खाली की उभं राहिलात तर कपाळाला लागेल. पहिल्यांदा मी वर टांगला. वाटलं, चुकून सांगतायत. साहेब हातानेच दाखवू लागला, आणखी खाली, आणखी. उजेड ताटात पडला पाहिजे, डोळ्यात नाही. छताला ट्यूब नको, कोपऱ्याकोपऱ्यात लहान लहान दिवे. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत मेणबत्ती लावून बसलेले. आणि खुर्ची. खुर्चीला ती माणसं जेवढा मान देतात तेवढा आपण पाहुण्याला देत नाही. कागदाच्या सुतळीने विणलेली बैठक, पाठीला वळण असं की बसणाऱ्याच्या बरगड्या मोजून केलंय. चार खुर्च्या चार तऱ्हेच्या, पण चारही निवडून आणलेल्या.

स्वीडनवाल्यांचं सगळं पांढरं. भिंत पांढरी, लाकडालाही पांढरं पाणी चोळलेलं. खाली चिंध्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या, आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या करतात तशाच. प्रत्येक खिडकीत एक दिवा आणि एक कुंडी. कपाटावर लाल रंगवलेला लाकडी घोडा. चप्पल दाराबाहेर. माझी बायको हमीदा म्हणाली होती, "दवाखानाच हाय. फक्त सुई टोचत नाय."

नॉर्वेचं घर मला जवळचं वाटायचं. लाकूड लाकडासारखं ठेवतात, गाठीसकट. मेंढीचं कातडं खुर्चीवर टाकलेलं, जाड लोकरीच्या चादरी, फुलांच्या वेली रंगवलेली आजोबांच्या काळची पेटी. आत बसलं की होडीच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. ते समुद्राकडचे लोक, कळतंच. आइसलंडचा एकच माणूस भेटला. त्याच्याकडे पुस्तकं फार, एक गोल नक्षीची लोकरीची चादर आणि गावाकडून आणलेला काळा दगड, तो टेबलावर मध्यभागी. एका माणसावरून देश सांगू नये, म्हणून पुढे बोलत नाही.

आणि फिनलंड. तिथे माझं सगळं अडलेलं आहे.

पण आधी हमीदा इथे कशी आली ते सांगतो. माझ्या इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, पेशा होता नज्जार, म्हणजे सुतार. सुताराला बायको आणायला मिळत नाही. दोन वर्षांनी सुट्टी, दोन महिने गाव, पुन्हा विमान. लग्नाची वीस-बावीस वर्षं अशीच गेली. इरफानचं पहिलं पाऊल, पहिला दात, सगळं मी फोनवर ऐकलं. मग मी कफीलच्या मागे लागलो. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपण इथे राहतो तो मालक. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, तू गिऱ्हाइकांशी बोलतोस, माल खपवतोस, तुला सेल्स सुपरवायझर करतो. करायचं काम तेच, करवत तीच, फक्त कागदावर मी मोठा झालो. त्या कागदावर हमीदा आली.

विमानतळावर तिने बुरख्यातून माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "किती बारीक झालावसा. कागद खातावसा काय?"

ती शिवण छान करायची. गिऱ्हाइकांचे पडदे मी तिच्याकडे आणायचो, कधी माप घ्यायला तिलाच घेऊन जायचो. तिच्या मापाचा टेपशी काही संबंध नव्हता. ती विती टाकायची. अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची, सुरवंटासारखा हात भिंतीवरून चालायचा. मी टेप धरून पाठीमागून पडताळायचो आणि कधी अर्ध्या इंचाचा फरक पडला नाही. सहा विती म्हणाली की पंचेचाळीस इंच.

त्या लोकांच्या पलंगावर दोन रजया असतात. पलंग एक, नवरा-बायको एकत्र, रजई ज्याची त्याची. चारही देशांत हीच रीत. हमीदाने बघितलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, "भांडण हाय काय त्यांचं?"

"नाही गं. रीत आहे."

"कसली रीत? ओढाओढी नाय तर संसार कसला?"

फिनलंडच्या बाईचं नाव आइनो मॅडम. तिचं घर सगळ्यात रिकामं. बर्च नावाचं फिकट लाकूड वाफेवर वाकवून केलेल्या खुर्च्या, कुठे कोरीव काम नाही, भिंतीवर काही नाही. फक्त पडद्यावर थाळीएवढी लाल फुलं. अख्खं घर गप्प आणि एक पडदा ओरडतोय. तो पडदा शिवायला हमीदा गेली होती. मॅडम बोलायची कमी, हमीदाला इंग्रजी येत नव्हतं, दोघी तासभर कॉफी पीत बसल्या. मी आत कपाट बसवत होतो. मला वाटलं, कंटाळल्या असतील. तर मॅडम उठली, कप विसळले, आणि ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडून ओले कप तसेच आत ठेवले.

हमीदा उठून उभी राहिली. कपाटात डोकं घालून वर बघू लागली. त्या कपाटाला बूडच नव्हतं. खाली फळीच्या जागी काड्यांच्या जाळ्या, त्यांत ताटं उभी, कप उपडे. पाणी निथळून सरळ सिंकमध्ये. पुसायचं नाही, पसरायचं नाही, दार लावलं की झालं. तिकडे घराघरात असतं म्हणे.

घरी येईपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही. "अवो, आयुष्य गेलं माझं ताटं पुसण्यात. मला हे पायजे."

"भाड्याच्या घरात मालक भोकं पाडू देणार नाही. गावाला करतो. आपल्या ओट्यावर."

"नक्की?"

"सुताराची बायको आहेस. विचारतेस काय?"

मी हो म्हणालो. तेव्हा वेळ होता असं वाटत होतं.

तिच्या किडनीचं दुखणं निघालं ते तिसऱ्या वर्षी. इथल्या डॉक्टरने औषधं दिली, महिन्याला तपासणी. तो मल्याळी होता, हिंदीत बोलायचा. त्याने मला समोर बसवून एकच गोष्ट तीनदा सांगितली. हातापायाला सूज आली की थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. म्हणून आमची सकाळची रीत ठरली. चहा ठेवायच्या आधी ती बोटातली अंगठी फिरवून दाखवायची. फिरली की चहा.

मग तो मोसम आला. असेच रुतब, अशीच ओली हवा. फर्निचरच्या दुकानात विक्रीचं काम आता सौदी माणसानेच करायचं असा कायदा झाला होता. शोरूममध्ये सगळे कुजबुजत होते, मी निवांत होतो. मला काय, मी सुतार. मी मागे पॅकिंग उघडत होतो. तपासणीवाले आले, कागद मागितले, मी इकामा दिला. त्यांच्यातल्या एकाने वाचलं, सेल्स सुपरवायझर. हातातल्या पटाशीकडे बघितलं, परत कागद वाचला. कागदावर जे लिहिलंय तेच खरं. मी अरबीत सांगितलं, मी नज्जार आहे, हात बघा माझे. तो म्हणाला, मग असं का लिहिलंय? काय सांगणार? बायकोसाठी, असं सांगणार?

त्याचा दोष नाही. देश त्यांचा, मुलं त्यांची, कामाला लागायलाच हवीत. माझ्या जागी जो मुलगा आला तो माझ्या हाताला हात लावून सलाम करायचा. पण हे माझ्या घशात अडकून बसलंय ते बसलंयच. सुतार राहिलो असतो तर कुणी हात लावला नसता. त्यांना सुतार हवेच होते. ज्या शब्दाने ती आली त्याच शब्दाने ती गेली. आणि तो शब्द मी मागे लागून, विनवण्या करून लिहून घेतला होता.

कफील म्हणाला, "खलास, माझ्या हातात काही नाही." दोन रस्ते होते. फायनल एक्झिट घेऊन दोघांनी कायमचं जायचं. नाहीतर मी दुसऱ्या कफीलकडे पुन्हा सुतार म्हणून जायचं आणि बायकोला पाठवायचं. इरफान तेव्हा बंगलोरला नवीन नोकरीत होता. तो फोनवर म्हणाला, अब्बा, या दोघंही. मी नाही ऐकलं. मला वाटलं, तिचं औषध इथे लागू पडतंय. इथे पाय रोवून राहिलो तर नवा कफील वर्षभरात पेशा बदलून देईल, पुन्हा कागदावर मोठा होईन, पुन्हा तिला आणीन. फायनल घेतलं की दार बंद. म्हणून मी दार उघडं ठेवलं आणि तिला एकटीला पाठवलं.

जायच्या आधीचे पंधरा दिवस तिला थंडी वाजायची. एसी बंद केला तर घाम, लावला तर कुडकुडायची. तिने आपली एक वेगळी गोधडी काढली. म्हणाली, "बघा, आपण पण डेन्मार्कचे झालो." मी हसलो. तिच्या नवऱ्याला चार देशांच्या रजया ठाऊक, आणि स्वतःच्या बिछान्यात दुसरी गोधडी का आली, हे त्याने विचारलं नाही.

ती गावी गेली तसा मी राबिघला गेलो, पलीकडच्या समुद्रावर. तिथे मोठ्या कारखान्याची बांधकामं चालू होती. डेन्मार्कच्या खुर्च्या गेल्या आणि काँक्रीटच्या शटरिंगच्या फळ्या आल्या. एका खोलीत आठ जण, खिळ्याला टांगलेले कपडे, हीच सजावट. कागद बदलायला टाकले होते. ते होईपर्यंत देशाबाहेर जाता येत नाही. आज होतील, उद्या होतील.

असरची, दुपार कलतानाची अजान झाली की चहाची सुट्टी व्हायची. तेव्हा फोन करायचो. पहिला प्रश्न, "अंगठी फिरते?"

"फिरते."

"डॉक्टरकडे गेलीस?"

"जाऊन आले. बरी हाय. तुमी जेवताव ना?"

तालुक्याचा दवाखाना दोन तासांवर. सोबत तिची बहीण होती, तीही सांगायची, बरी आहे.

एक दिवस तिनेच विषय काढला. "ते कपाट विसरलाव काय?"

"नाही विसरलो. माप पाठव ओट्यावरच्या भिंतीचं. इथे लाकूड कापून ठेवतो, येताना घेऊन येतो." खोटं नव्हतं ते. साइटवर प्लायचे चांगले तुकडे पडायचे.

"थांबा, आत्ताच घेते." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. चहा गार झाला. मी ओरडलो, "अगं, भिंत मोजतेस की मुंबई?"

ती आली. धाप लागली होती. "नऊ विती."

"किती?"

"नऊ. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत."

मला हसू आलं, मग राग आला. स्वयंपाकघर मी स्वतः बांधलंय. "नऊ विती म्हणजे साडेपाच फुटाच्या वर. आपली भिंत आहे की मशिदीची? सहा वितींच्या वर जाणार नाही ती. अख्खं आयुष्य बरोबर मोजलंस आणि आता काय झालं? नीट मोज."

ती हसली. मला ते हसूच ऐकू आलं, दुसरं काही नाही.

"मग या," ती म्हणाली, "तुमीच येऊन मोजा."

वरून हाक आली, यल्ला, यल्ला, सुट्टी संपली. मी फोन ठेवला.

त्यानंतर सहाव्या दिवशी ती गेली. दुपारी बातमी आली, मी शटरिंगवर होतो. कागद अजून झाले नव्हते. तिकडे त्याच संध्याकाळी दफन झालं. इरफान पोचला, मी नाही. मी राबिघच्या खोलीत खिळ्यांच्या खोक्यावर बसून होतो. खोलीतल्या माणसांनी जेवण आणून ठेवलं, ते उचललं, परत ठेवलं.

एकोणीस दिवसांनी कागद झाले. घरी पोचलो. मेव्हणीने एक डबी आणून दिली. त्यात अंगठी होती, कापलेली. म्हणाली, "दोन महिने झाले कापून. बोट इतकं सुजलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाली. म्हणे, ते सगळं टाकून येतील, परत दार बंद होईल."

रडणारे येत होते, बसत होते, जात होते. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मला दुसरं काही सुचत नव्हतं. टेप काढली, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत लावली. पंचेचाळीस इंच. सहा विती. मी म्हणालो होतो तसंच.

मग मी चौथी शिकलेला माणूस तिथे उभा राहून भागाकार करत बसलो. पंचेचाळीसला नऊने भाग. पाच. पाच इंच.

तिची वीत साडेसात इंचाची. आयुष्यभर अर्धा इंच इकडे-तिकडे नाही. ती पाच इंच झाली होती. सुजलेली बोटं उघडतच नव्हती. तेवढ्या हाताने ती भिंतीला धरून खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत नऊ वेळा चालली होती, धापा टाकत, मला माप पाठवायला. जिभेने ती खोटं बोलली, अंगठी फिरते म्हणाली. हात खरं बोलला. नऊ विती. याहून स्पष्ट कुणी काय सांगणार? आणि सांगितलं कुणाला, तर ज्याचं पोट मापावर भरतं त्याला. मी म्हणालो, नीट मोज.

मी माझी बोटं आखडली, टेपवर धरून पाच इंच केली, आणि भिंतीवर टाकत गेलो. एक, दोन, तीन. कोपऱ्याला टेकलो तेव्हा नऊ झाल्या. तिचं माप बरोबर होतं. तेव्हा सहा दिवस हातात होते. दवाखाना दोन तासांवर होता.

त्या भिंतीवर मी कपाट केलं नाही. ती अजून तशीच आहे.

काल सनाच्या घरात दिवा टांगला, डेन्मार्कचा, खाली. पलंगावर दोन रजया घातल्या. इरफान म्हणाला, "हे काय, भांडण लावताय?" मी त्याच्याकडे बघितलं. आई जे बोलली होती तेच बोलला, त्याला माहीत नसताना. खुर्च्या झाल्या, सतरंजी झाली. सना ओट्यापाशी उभी राहून ताटं पुसत होती. पुसलेली ताटं परत घामेजत होती.

"अब्बा, या हवेत काहीच वाळत नाही हो."

मी म्हणालो, "फिनलंडचं एक कपाट असतं."

तिला सांगितलं. बूड नसलेलं, जाळ्यांचं. तिचे डोळे मोठे झाले. मालकाला विचारते म्हणाली, भोकं पाडू देईल, चांगला आहे. माझ्या व्हिसाचे अकरा दिवस उरलेत. तेवढ्यात होतं. तिने खणातून टेप काढून माझ्यापुढे धरली.

मी घेतली नाही. म्हटलं, "वितीने मोज."

"वितीने? मला नाही येत. चुकेल, अब्बा."

"चुकू दे. तू जे सांगशील ते मी कापीन. परत विचारणार नाही."

तिला वाटलं असेल म्हाताऱ्याचं काहीतरी. पण तिने हात पुसले, भिंतीवर अंगठा टेकवला आणि बोटं ताणली. एक. दोन. मी आकडे मोजत नव्हतो. बोटं किती लांबवर उघडतात, तेवढंच बघत होतो.

"पाच," ती म्हणाली. "आणि वर एक बोट. बरोबर आहे का, अब्बा?"

मी खाली बसलो होतो. पेन्सिल कानावर होती, ती मिळेपर्यंत वेळ लागला. जवळच्या लाकडाच्या तुकड्यावर लिहिलं, पाच आणि एक बोट.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "बरोबर आहे, बेटा. हात दाखव बघू इकडे."